महोत्सवाचा दरवाजा आणि दाराशी उभा असलेला माणूस
(बर्लिन १९७० : एका वादाचा अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला (इतिहास)

चित्रपट महोत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लाल गालिचा, नटनट्या आणि छायाचित्रकारांची झुंबड उभी राहते. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचते ते एवढेच. परंतु महोत्सव म्हणजे केवळ जत्रा नव्हे. शेकडो, कधी हजारो चित्रपटांतून काही थोडे चित्रपट निवडायचे, ते एका शहरात आठ-दहा दिवस लोकांना दाखवायचे, त्यांवर चर्चा घडवायची आणि काहींना पारितोषिके द्यायची, असे हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे. ते पार पाडणाऱ्या माणसाला महोत्सवाचा संचालक म्हणतात. तो स्वतः चित्रपट काढत नाही, त्यात काम करीत नाही आणि बहुधा बक्षीसही देत नाही. तो फक्त दाराशी उभा असतो. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे मात्र त्या दारातच ठरते.

सारे सुरळीत चालले असता या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. एखादा प्रक्षोभक चित्रपट आला, कोणाच्या भावना दुखावल्या, एखादे सरकार रागावले, म्हणजे मग सगळे त्याच्याकडे वळून पाहतात. अशा प्रसंगी त्याने काय करावे? हा प्रश्न केवळ सिनेमाचा नाही. दुसऱ्याने काय पाहावे, काय वाचावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, कितपत आणि कोणत्या नियमाने, असा तो व्यापक प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका घडलेल्या घटनेच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. ती घटना म्हणजे पश्चिम बर्लिनचा १९७० सालचा विसावा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्या वर्षी एका चित्रपटावरून परीक्षक मंडळ मोडले, पारितोषिके दिलीच गेली नाहीत आणि महोत्सव जवळजवळ बुडाला.

पार्श्वभूमी

बर्लिनचा महोत्सव १९५१ साली सुरू झाला. महायुद्धाने शहराची राख झाली होती आणि विजेत्या राष्ट्रांनी त्याची वाटणी करून घेतली होती. पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचा वेढा. अशा शहरात महोत्सव भरविण्याची कल्पना प्रथम पुढे रेटली ती ऑस्कर मार्टे या अमेरिकन चित्रपट-अधिकाऱ्याने. पश्चिमेकडचे मुक्त जग कसे आहे हे पूर्वेकडच्यांना दिसावे, असा त्यामागचा उघड हेतू होता. म्हणजे हा महोत्सव जन्मापासूनच राजकारणाच्या मांडीवर वाढला. सोव्हिएत चित्रपटाला त्याचे दार उघडले ते थेट १९७४ साली. ‘महोत्सवात राजकारण आणू नका’ असे पुढे जे वारंवार म्हटले गेले, ते ऐकताना ही गोष्ट विसरता कामा नये.

पहिल्या वर्षापासून १९७६ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, डॉ. अल्फ्रेड बाउअर हे या महोत्सवाचे संचालक होते. त्यांच्या कारकिर्दीत या महोत्सवाने आपल्याकडच्या चित्रपटांचाही गौरव केला. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ साली येथे रौप्य अस्वल मिळाले. अस्वल हे बर्लिन शहराचे चिन्ह असल्यामुळे तेथील पारितोषिके सुवर्ण आणि रौप्य अस्वलांची असतात. त्या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिला आधार औंध संस्थानातील मोकळ्या तुरुंगाच्या प्रयोगाचा, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. पुढे सत्यजित राय यांनाही ‘महानगर’ (१९६४) आणि ‘चारुलता’ (१९६५) यांसाठी येथेच दिग्दर्शनाची रौप्य अस्वले मिळाली. असो.

१९७० साल उजाडले तेव्हा युरोपचे वातावरण तापलेले होते. मे १९६८ मध्ये फ्रान्समधील विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावाला पाठिंबा म्हणून गोदार, त्रुफो आदी दिग्दर्शकांनी कानचा महोत्सव मध्येच बंद पाडला होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे युद्ध चालू होते. माय लाय गावातील हत्याकांडाची बातमी १९६९च्या नोव्हेंबरात जगापुढे आली होती. पश्चिम बर्लिनच्या विद्यापीठांतून या युद्धाविरुद्ध मोर्चे निघत. दुसरीकडे याच शहराचे रक्षण अमेरिकन सैन्य करीत होते. एका बाजूला उपकाराची जाणीव आणि दुसऱ्या बाजूला संताप, अशा पेचात ते शहर सापडले होते.

‘ओ. के.’

या वातावरणात मिशाएल फेरहोफेन या तरुण जर्मन दिग्दर्शकाचा ‘ओ. के.’ हा कृष्णधवल चित्रपट स्पर्धा विभागासाठी निवडला गेला. त्याची कथा कल्पित नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये व्हिएतनाममधील १९२ क्रमांकाच्या टेकडीच्या परिसरात अमेरिकन सैन्याची एक लहान तुकडी गस्तीवर निघाली. वाटेत त्यांनी फान ति माव या तरुण मुलीला तिच्या घरातून उचलून नेले. चौघांनी तिच्यावर अत्याचार केला आणि पुढे तिला ठार मारले. पाचवा सैनिक त्यात सामील झाला नाही. त्याने परत आल्यावर वरिष्ठांकडे तक्रार केली आणि ती दडपण्याचे प्रयत्न होऊनही तो मागे हटला नाही. अखेर लष्करी न्यायालयात खटले चालले, शिक्षा झाल्या. पुढे त्या बऱ्याच कमीही करण्यात आल्या. डॅनियल लँग या अमेरिकन पत्रकाराने १९६९ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात हे सारे प्रकरण विस्ताराने लिहिले.

फेरहोफेनने हा प्रसंग पडद्यावर आणताना एक विलक्षण युक्ती योजली. त्याने व्हिएतनामचे जंगल उभे केले नाही. चित्रपट घडतो तो जर्मनीतल्या बव्हेरियाच्या रानात. नटांच्या अंगावर अमेरिकन गणवेश आहेत, पण ते बोलतात बव्हेरियाच्या खेडवळ बोलीत. मावची भूमिका एफा मात्तेस या जर्मन मुलीने केली आहे. मला वाटते, या एका युक्तीतच चित्रपटाचा सारा प्रक्षोभ साठलेला आहे. दूरच्या देशातले, परक्या भाषेतले अत्याचार पाहताना प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. पण तेच क्रौर्य आपल्या मामाच्या, शेजाऱ्याच्या बोलीत ऐकू आले तर? समजा, उद्या कोणी एखादे परदेशी हत्याकांड आपल्या माळरानावर, आपल्या वऱ्हाडी नाहीतर कोल्हापुरी बोलीत दाखवले, तर आपल्याला ते ‘त्यांचे’ म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या जर्मन पिढीने आपल्या वडिलांना ‘तुम्ही युद्धात काय करीत होता?’ असे विचारण्यास नुकतीच सुरुवात केली होती, तिच्या दृष्टीने हा चित्रपट जितका अमेरिकेविषयी होता तितकाच जर्मनीविषयी होता.

परीक्षक मंडळाचा ठराव

त्या वर्षी नऊ जणांच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते जॉर्ज स्टीव्हन्स. ‘अ प्लेस इन द सन’, ‘जायंट’ यांसारख्या चित्रपटांचे हे ख्यातनाम अमेरिकन दिग्दर्शक. त्यांना ‘ओ. के.’ अमेरिकेचा अपमान करणारा वाटला. चित्रपट महोत्सवांनी राष्ट्राराष्ट्रांत सामंजस्य वाढवावे, अशा अर्थाचे तत्त्व महोत्सवाच्या नियमांत होते. त्याचा आधार घेऊन, हा चित्रपट स्पर्धेच्या नियमांत बसतो की नाही हे निवड समितीने पुन्हा तपासावे, असा ठराव मंडळाने सात विरुद्ध दोन मतांनी केला. युगोस्लाव्हियाचे दिग्दर्शक दुशान माकावेयेव यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि आपला विरोध उघडपणे जाहीर केला.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महोत्सवात निवड समिती आणि परीक्षक मंडळ ही दोन स्वतंत्र अंगे असतात. निवड समितीने आत काय घ्यायचे ते ठरवायचे आणि परीक्षकांनी आत आलेल्यांत उत्तम कोणते ते ठरवायचे. आपल्याकडच्या कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर जोड लावणारा वेगळा आणि पंच वेगळा. पंचाला एखादा पैलवान आवडला नाही तर त्याने त्याला गुण देऊ नयेत, पण ‘हा आखाड्यात उतरलाच कसा?’ असे म्हणून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार पंचाला नाही. स्टीव्हन्स यांना ‘ओ. के.’ टाकाऊ वाटला असता तर त्याला एकही मत न देण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो सोडून दुसरा मार्ग धरला आणि तेथेच पेच निर्माण झाला.

बातमी फुटली. सभा झाल्या, पत्रके निघाली. हे अभ्यवेक्षण आहे, म्हणजे दाराआडची सेन्सॉरशिप आहे, असा आरोप झाला. काही दिग्दर्शकांनी निषेध म्हणून आपले चित्रपट मागे घेतले. महोत्सवाचे चालक खुलासे करीत राहिले, पण त्या खुलाशांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. अखेर परीक्षक मंडळाने राजीनामा दिला आणि स्पर्धा रद्द झाली. १९७० साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल कोणालाच मिळाले नाही.

दोन माणसे

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते दोन माणसांच्या पूर्वायुष्याने.

पहिले स्टीव्हन्स. हे कोणी युद्धाची झळ न लागलेले गृहस्थ नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराच्या चित्रीकरण पथकाचे प्रमुख होते. १९४५ साली दाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तेथील प्रेतांचे ढीग आणि हाडांचे सापळे झालेली माणसे त्यांच्या पथकाने चित्रित केली. छळछावण्यांविषयीचा जो चित्रपट न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवला गेला, तो त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला होता. पुढे १९५९ साली त्यांनी अॅन फ्रँकच्या रोजनिशीवर चित्रपट काढला. जर्मनांनी केलेला अत्याचार जगाला दाखवलाच पाहिजे, ही ज्याची निष्ठा होती, त्याच माणसाला आपल्या सैनिकांनी केलेला अत्याचार जर्मनांनी दाखवावा हे सहन झाले नाही. त्यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे म्हणावेसे वाटत नाही. ज्या सैन्याबरोबर आपण छळछावण्यांची दारे उघडली, ते सैन्य त्यांच्या मनात तसेच राहिले असावे. पण म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. सत्य दाखवण्याचे धैर्य असलेल्या माणसालाही स्वतःच्या घरातले सत्य पाहणे जड जाते. मग निवाडा एका माणसाच्या मनःस्थितीवर सोपवून कसे चालेल?

दुसरे बाउअर. १९७० नंतरही ते आणखी काही वर्षे संचालकपदी राहिले. १९८६ साली त्यांचे निधन झाले आणि १९८७ पासून त्यांच्या नावाने एक रौप्य अस्वल दिले जाऊ लागले. चित्रपटकलेला नव्या वाटा दाखवणाऱ्या कृतीसाठी ते होते. तब्बल तेहतीस वर्षे ते दिले गेले. मग जानेवारी २०२० मध्ये जर्मनीतील ‘डी झाइट’ या साप्ताहिकाने जुनी कागदपत्रे उजेडात आणली. गोबेल्सच्या अमलाखाली जर्मन चित्रपटसृष्टीवर नियंत्रण ठेवणारे जे कार्यालय होते, त्यात बाउअर यांचे स्थान ते स्वतः सांगत त्याहून बरेच मोठे होते. युद्धानंतर त्यांनी ते जाणूनबुजून लपवले होते. महोत्सवाने ते पारितोषिक ताबडतोब थांबवले आणि इतिहास-संशोधकांकडून चौकशी करवून घेतली. त्यातही हे निष्कर्ष पक्के झाले. म्हणजे १९५१ साली मुक्त जगाची खिडकी म्हणून जे दार उघडले गेले, त्या दाराशी उभा केलेला माणूस पूर्वी दुसऱ्याच एका दाराशी पहारा करीत होता. तो कोठून आला, याची त्या वेळी कोणी कसून चौकशी केली नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी यावरून एवढेच घेतो की, संस्थांचा कारभार माणसांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. चांगल्या माणसाचीही नजर एखाद्या ठिकाणी अधू असते आणि वाईट माणूस चांगले काम करूनही जातो. म्हणून नियम हवेत, ते उघड हवेत आणि सर्वांना सारखे हवेत.

पडझडीतून काय उभे राहिले

१९७०च्या पडझडीतून एक चांगली गोष्ट निघाली. बर्लिनमध्ये १९६३ पासून चित्रपटप्रेमींची एक संस्था काम करीत होती. उलरिश आणि एरिका ग्रेगोर हे दांपत्य तिच्या अग्रभागी होते. १९७१ पासून महोत्सवाच्या अंतर्गतच, पण स्वतंत्र निवडीचा, ‘तरुण चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय मंच’ या संस्थेकडे सोपवण्यात आला. तेथे स्पर्धा नाही आणि अस्वलेही नाहीत, त्यामुळे राष्ट्रांच्या मानापमानाचा प्रश्नही कमी. चित्रपट दाखवायचा आणि नंतर दिग्दर्शकाला प्रेक्षकांसमोर बसवून चर्चा करायची, असा तेथला शिरस्ता.

अर्थात वाद तेथेही आलेच. १९७६ साली नागिसा ओशिमा या जपानी दिग्दर्शकाचा ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ या मंचावर दाखवला गेला. त्यातील उघड्या शृंगारदृश्यांमुळे सरकारी वकिलांनी त्याची प्रतच जप्त केली. ग्रेगोर यांनी माघार घेतली नाही. चित्रपट निवडला तो आम्ही, आणि त्याची कलाकृती म्हणून बाजूही आम्हीच मांडू, अशी त्यांची भूमिका राहिली. दीर्घ न्यायालयीन प्रक्रियेनंतर तो चित्रपट मोकळा झाला. येथे संचालकाचा एक वेगळा आदर्श दिसतो.

त्याहूनही उद्बोधक प्रसंग १९७९चा. तेव्हा वोल्फ डोनर हे संचालक होते. महोत्सवात ‘द डिअर हंटर’ हा अमेरिकन चित्रपट होता. व्हिएतनामी माणसे त्यात केवळ क्रूर दाखवली आहेत, हा एका झुंजार राष्ट्राचा अपमान आहे, असे सांगून सोव्हिएत प्रतिनिधी मंडळ महोत्सव सोडून गेले. त्यामागून इतर समाजवादी देशही गेले. परीक्षक मंडळातील व्हेरा खितिलोवा आणि पाल गाबोर यांनाही जावे लागले. डोनर यांनी चित्रपट काढून टाकला नाही आणि महोत्सवही मोडला नाही. तो पार पडला, पारितोषिकेही दिली गेली.

आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९७० साली व्हिएतनामवरील चित्रपटाने अमेरिकेचा अपमान झाला. १९७९ साली व्हिएतनामवरील चित्रपटानेच समाजवादी देशांचा अपमान झाला. दोन्ही वेळा हरकत घेणाऱ्यांच्या तोंडी राष्ट्रांच्या सन्मानाचीच भाषा होती. बाजू बदलल्या, पण भाषा तीच राहिली. ‘राष्ट्रांचे सामंजस्य’ हा शब्द इतका सैल आहे की, ज्याच्या हाती पडेल त्याच्या मुठीत तो बसतो. आणि या दोन्ही भांडणांत फान ति मावविषयी कितीसे बोलले गेले? तिचे घर, तिची माणसे, तिच्या मृत्यूचे चित्रण कसे करावे याची मर्यादा, हे प्रश्न बाजूलाच राहिले. अपमान झाला तो झेंड्यांचा. ज्या मुलीचा जीव गेला ती चर्चेच्या कडेलाच उभी राहिली. ‘ओ. के.’वर गंभीर आक्षेप घ्यायचाच असता तर तो या बाजूने घेता आला असता. मृत मुलीचे खरे नाव वापरून तिची विटंबना पुन्हा पडद्यावर मांडण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण तो विचारायचा तर आधी चित्रपट पाहावा लागतो.

आपल्याकडे

आपल्या देशात चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२च्या चलच्चित्र कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. महोत्सवातील चित्रपटांना सरकार त्यातून सूट देऊ शकते. मात्र ते नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवायचे असतात. ही सूट हातची असल्यामुळे सरकार ती रोखूही शकते.

२००४ साली मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आला. भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला, तो विरोधामुळे मागे पडला. पण नंतर निवडीत अनेक परखड माहितीपट गळाले. तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ या नावाने मुंबईतच स्वतःचा पर्यायी महोत्सव भरवला. गुजरातच्या २००२च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ सरकारी महोत्सवात घेतला गेला नव्हता. त्याच सुमारास बर्लिनच्या त्या १९७१च्या मंचावर मात्र तो दाखवला गेला आणि त्याला तेथे पारितोषिकही मिळाले. एका शहरात बंद झालेले दार दुसऱ्या शहरात उघडले, आणि ते दार १९७०च्या भांडणातून तयार झालेले होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. २०१७ साली गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या ‘इंडियन पॅनोरमा’ विभागासाठी परीक्षकांनी निवडलेल्या यादीतून दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळले. सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळी ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’. परीक्षकांचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. शशिधरन केरळ उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २१ नोव्हेंबरला ‘एस दुर्गा’ दाखवण्याचा आदेश दिला. परीक्षकांनी तो पुन्हा पाहिला आणि बहुमताने पुन्हा पसंत केला. पण समारोपाच्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, शीर्षक ज्या पद्धतीने पडद्यावर लिहिले होते त्यावरून प्रमाणपत्राचाच फेरविचार करण्याचे आदेश आले आणि महोत्सव संपला तरी चित्रपट दाखवला गेला नाही. बर्लिनमध्ये परीक्षकांनी निवड समितीच्या कामात हात घातला होता. गोव्यात परीक्षकांनी निवडलेल्यावर सरकारने हात ठेवला. दोन्हीकडे नियम मोडला तो एकच. ज्याचे काम त्याला करू दिले नाही.

‘न्यूड’ पुढे एकही दृश्य न कापता प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह मंजूर झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याची नायिका यमुना ही गावातून मुंबईला आलेली बाई. मुलाला शिकवायचे म्हणून ती चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसण्याचे काम पत्करते. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी त्यात फार संयमाने काम केले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या फीचे पैसे आईच्या मजुरीतून येतात. आईची मजुरी वेगळी आणि यमुनेची वेगळी, हे खरे. पण मुलाच्या वहीचा खर्च आईच्या शरीराच्या कष्टांतून निघतो, एवढे सत्य दोघींना सारखेच लागू आहे. हा चित्रपट पाहताना मला काही अश्लील दिसले नाही. दिसले ते आपल्या शिक्षणाची किंमत कोण मोजते, याचे उत्तर.

म्हणूनच प्रक्षोभक चित्रपटांविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद मला लागतो. ‘तुम्हा-आम्हाला कळेल हो, पण सामान्य प्रेक्षकाला हे झेपणार नाही’, असे म्हटले जाते. हा सामान्य प्रेक्षक म्हणजे कोण? ते माझे आईवडील आहेत. त्यांना न विचारता त्यांच्या नावाने बंदी घातली जाते. माझे आजोबा अक्षरशत्रू होते, पण यात्रेतल्या तंबूत त्यांनी रात्र रात्र वग पाहिले. राजाची फजिती करणारा सोंगाड्या आणि कृष्णाला अडवणारी मावशी यांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. ज्या समाजाने वग, भारूड आणि गोंधळ पचवले, त्याला चित्रपट पचणार नाही असे मानणे हा त्या समाजाचाच अपमान आहे.

आक्षेपांचा विचार

तरीही सर्व काही दाखवावे, असे म्हणणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. संचालकाने निवड करायचीच असते आणि निवड म्हणजे नकारही आला. मुद्दाम भडका उडवून नाव मिळवणारे चित्रपटही असतात. एखाद्या दुबळ्या समाजाविरुद्ध द्वेष पेरणारा चित्रपट ‘प्रक्षोभक कला’ या नावाखाली दार ठोठावू शकतो. मग फरक कसा करायचा? माझ्या मते एक कसोटी उपयोगी पडेल. चित्रपटाचा प्रक्षोभ कोणाकडे रोखलेला आहे? बलवानाकडे आणि स्वतःकडे, की दुबळ्याकडे? ‘ओ. के.’ने बंदूकधाऱ्याला आणि त्याबरोबर आपल्याच बोलीतल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ‘न्यूड’ने प्रेक्षकाच्या नजरेलाच प्रश्न विचारला. ही कसोटी प्रत्येक वेळी अचूक उत्तर देईल असे नाही. परंतु ‘कोणाचा अपमान झाला?’ या कसोटीपेक्षा ती खात्रीने बरी आहे, कारण अपमान झाल्याचे सर्वांत मोठ्याने सांगण्याची सोय बलवानाकडेच असते.

समारोप

या अभ्यासातून महोत्सवाच्या संचालकाविषयी पुढील गोष्टी निघतात असे मला वाटते. पहिली, निवडीचे नियम आधी जाहीर असावेत, वाद उभा राहिल्यावर शोधले जाऊ नयेत. दुसरी, निवड, परीक्षण आणि सरकारी परवानगी ही कामे वेगवेगळ्या हातांत असावीत आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. तिसरी, संचालकाने आपल्या निवडीचे समर्थन उघडपणे करावे. दाराआडची तडजोड फुटतेच आणि फुटल्यावर महोत्सवाची पत घेऊन जाते. चौथी, विरोध करणाऱ्यालाही त्याच सभागृहात बोलण्याची जागा द्यावी. चित्रपटाला उत्तर टीकेने द्यावे, फार तर दुसऱ्या चित्रपटाने द्यावे.

मिशाएल फेरहोफेन यांना १९९० साली बर्लिनच्याच महोत्सवात ‘द नॅस्टी गर्ल’ या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. तो चित्रपट आपल्या गावाचा नाझी काळातला इतिहास खणून काढणाऱ्या एका विद्यार्थिनीविषयी आहे. गावातले प्रतिष्ठित तिला कागदपत्रे पाहू देत नाहीत, आणि ती हटत नाही. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यामुळे महोत्सव मोडला, त्याचा महोत्सवानेच सन्मान केला.

आज चित्रपट पाहण्यासाठी कोणाच्या दाराशी जावे लागत नाही, मोबाइलवर सारे मिळते, मग या चर्चेचा उपयोग काय, असे काही मित्र म्हणतील. मोबाइलवर आपण एकटे पाहतो. पाहून झाल्यावर मतभेद होईल असा शेजारी तेथे नसतो. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी मराठी माणसाला एकत्र बसून पाहण्याची आणि नंतर वाद घालण्याची सवय लावली. तशी एखादी लहानशी चित्रपट मंडळी आपल्या महाविद्यालयात का असू नये? पडदा आहे, सभागृह आहे, शनिवारची दुपार मोकळी असते. निवडीसाठी दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक पुरेत. तो चित्रपट का निवडला, हे त्यांनी फलकावर चार ओळींत लिहावे. ज्याला तो खटकेल त्याने चित्रपट संपेपर्यंत बसावे आणि मग सर्वांत आधी बोलावे.